शून्य अंश, शून्य अंश

फिलाखच्या व्यायामशाळेत आज सकाळपासून
एकोणतीस माणसं मेली.
दोघं बुडाली, एकाला झटका आला,
एक बाई लिफ्टमध्ये बाळंत होता होता
सर्व्हर बसला म्हणून तशीच राहिली.
सगळ्यांच्या नावापुढं 'चाचणी' लिहिलेलं.
अकराला कॉफी आली.

टेबलांना टेबलं लागलेली, टेबलांवर देश,
देशांमधून पिवळ्या तारा लोंबतायत.
फिनलंडचं अ‍ॅप ऑस्ट्रियाच्या केंद्राला विचारतं: ओळखलंस का?
केंद्र म्हणतं: प्रमाणपत्र दाखव.
दाखवतं. मुदत काल संपलेली.
सोयरीक जुळवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा मी
या टेबलावरून त्या टेबलावर.

आपण कुठं आहोत हे फोनला कळलं नाही
की तो रिकामी जागा शून्यानं भरतो:
शून्य अंश उत्तर, शून्य अंश पूर्व.
आफ्रिकेच्या कुशीतला समुद्र तो, जमीन नावालाही नाही.
आमची हरवलेली सगळी माणसं तिथं जमतात:
हेलसिंकीच्या बर्फावरून घसरलेला पोरगा,
बिल्बाओच्या जिन्यात पडलेली आजी,
खाऱ्या पाण्यात उभी,
कुणी येईल म्हणून.
रात्री हॉटेलात आडवा झालो की मला ती दिसतात.
हे मी अहवालात लिहीत नाही.

मिलोयका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते.
तिला ऐकू येत नाही; या गोंगाटात
डोकं न दुखणारी ती एकटीच.
सहा वर्षांपूर्वी कारावांकेच्या कड्यावरून ती घसरली.
चढली स्लोव्हेनियातून, पडली ऑस्ट्रियात,
हद्दीपलीकडं जेमतेम तीस मीटर.
घोटा उलटा फिरलेला. अ‍ॅप उघडलं, लिहिलं.
अ‍ॅप ल्युब्लियानाचं. ल्युब्लियानानं पाहिलं:
ही जमीन आपली नाही.
पलीकडं कळवायला वाट नव्हती.
मग तिच्या पडद्यावर एक सौजन्यपूर्ण ओळ उमटली:
कृपया फोन करून बोला.

हे ती हातांनी सांगते,
आणि 'कृपया'पाशी दरवेळी हसते.

पहाटे एका मेंढपाळाच्या कुत्रीनं तिला शोधलं.
कुत्रीकडं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं.

त्यानंतर आम्ही मसुद्यात कलम घातलं:
ज्या केंद्राची जमीन, त्या केंद्राकडे हाक पोचवावी, शक्यतो.
माणसानं लिहिलं तर लिहूनच उत्तर द्यावं, शक्यतो.
त्या एका शब्दावर दोन वर्षं घोडं अडलं.
कुणाला खर्चाची काळजी, कुणाला सार्वभौमत्वाची.
एक गृहस्थ, तसे भले होते, म्हणाले,
अहो, शक्यतो म्हणजे होयच की.
मिलोयकानं दुभाष्याच्या हातांकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं,
आणि खाली वाकून जीन्स घोट्यावर सरकवली.
सहा स्क्रूंचे व्रण.
आवृत्ती तीन, पान एक्केचाळीस: शक्यतो
गाळला आहे. 'बदलाचं कारण' या रकान्यात
मी लिहिलं: संपादकीय.

चार वाजता तिची पाळी.
ती लिहिते: कड्याखाली आहे. पाय मोडलाय. ऐकू येत नाही.
ल्युब्लियानाचं टेबल म्हणतं, हद्द पलीकडची,
आणि पुढं धाडतं.
पलीकडच्या टेबलावर हेडविग, खरीखुरी ऑपरेटर,
कालची रात्रपाळी अजून डोळ्यांत.
ती टाइप करते: दिसतेयस मला. कुठं दुखतंय?

इथं चाचणी संपते. बरोबरची खूण करायची,
तार काढायची, पुढच्याला जागा द्यायची.
मिलोयका पडद्याकडं बघत राहते.
मग लिहायला लागते. बराच वेळ लिहिते.
काय ते मी वाचलं नाही; हेडविगनं वाचलं,
मध्ये एकदाही घड्याळ न बघता.

मागून कुणीतरी ओरडतं:
बिल्बाओ पुन्हा शून्यावर!
मी उठतो.
आजी पाण्यात उभी आहे.